तुझ्या तोंडचा पेढा

वसंता,

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळपासून मी तीन वेळा जिना उतरलो आणि तीन वेळा काही काम नसताना पुन्हा वर आलो. टायपिंगच्या वर्गाला म्हणून निघतो, ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत जातो, आणि तिथे आठवतं की आज वर्ग बंद आहे. परवा मीच पाटीवर तसं लिहून आलोय. घरी येतो तर तुझ्या खोलीचं दार उघडं. आत वहिनी भांडी लावत असतात. मी खाली मान घालून पुढे जातो.

चाळीच्या मंडळाने तुझ्यावर चार शब्द लिहून मागितलेत, गणपतीच्या अंकासाठी. जन्म कुठला, शिक्षण किती, लालबागच्या गिरणीत हजेरी कारकून म्हणून किती वर्षं काढली, स्वभाव कसा मनमिळाऊ. ते दुसरं कोणीही लिहील. मला त्यातलं एक अक्षर सुचत नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमते आहे. एक मेच्या सकाळी, सगळ्या चाळीसमोर, मी तुझ्या तोंडचा पेढा काढून घेतला. त्यानंतर अठरा दिवसांनी तू गेलास. आणि काल वहिनींनी जे सांगितलं, त्यानंतर मला एका जागी बसवत नाही.

सुरुवात तुझ्या थापेपासून झाली, हे आधी कबूल कर.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे सत्यनारायण होता. त्याच दिवशी दुपारी डॉक्टरने तुला सांगितलं होतं की तुला मधुमेह आहे. गोड बंद, भात बेताचा, रोज सुई. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तुला सदतिसावं चालू होतं आणि तू अख्खा जिना एका दमात चढायचास. प्रसाद टाकून जाणाऱ्यांची काय गत होते हे पोथीत नुकतंच सगळ्यांनी ऐकलेलं, आणि काकू शिऱ्याची भरली वाटी घेऊन तुझ्यासमोर उभ्या. शेजारी कुसुमच्या होणाऱ्या नवऱ्याचे मामा बसलेले. तुझ्या बहिणीचं लग्न जमत आलेलं. घराण्यात असला आजार आहे असं कळलं असतं तर ती माणसं चपला घालून चालू लागली असती. सत्यनारायणाच्या प्रसादाहून मोठं कारण हवं होतं, आणि त्या दिवसांत गिरगावात तसं कारण एकच होतं.

तू हात जोडलेस. म्हणालास, "काकू, माफ करा. मुंबईसकट महाराष्ट्र मिळेपर्यंत मी गोड सोडलंय."

मामांनी उठून तुला नमस्कार केला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी, ज्याला शिरा जिवापाड आवडतो, त्याने आपली वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "मीसुद्धा." माझं बघून आणखी सहा जणांनी वाट्या ठेवल्या. काकूंचा निम्मा शिरा उरला त्या दिवशी.

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस ते मला अजून दिसतं. मला वाटलं, तुला भरून आलंय. तुला घाम फुटला होता, हे मला पुढे दीड वर्षाने कळलं.

त्या सहांपैकी दोघे मोदकाला घसरले, तिघे दिवाळीला, आणि एकजण स्वतःच्या बायकोच्या डोहाळजेवणात. राहिलो आपण दोघे. माझा स्वभाव तुला माहीत. पोराने एक अक्षर चुकवलं की मी अख्खं पान नव्याने काढायला लावतो. तू कधीतरी वर्गात डोकावलास की म्हणायचास, "अरे, खोडून पुढे जाऊ दे ना त्याला. एका अक्षराने काय होतंय?" मी म्हणायचो, एका अक्षराने सगळं होतं. गोडाचंही मी तसंच केलं. चहातली साखर गेली, संक्रांतीचा तिळगूळ कपाळाला लावून परत दिला, माझ्या विद्यार्थ्याच्या लग्नात जिलब्यांच्या पंगतीतून भाताआधीच उठलो. लोक दोन माणसांचं नाव एकदम घ्यायचे, वसंता आणि मास्तर. संसार न मांडलेल्या माणसाला असं कोणाबरोबर नाव घेतलं जाणं किती सुखाचं असतं, हे तुला कधी सांगितलं नाही.

त्या काळात तू मला बिघडवायला बघत होतास. दिवाळीत अनारसा घेऊन यायचास. "मास्तर, एक खा. मी कोणाला सांगणार नाही." मी तुला हुतात्म्यांवर भाषण द्यायचो. तू ऐकून घ्यायचास आणि अनारसा तसाच परत न्यायचास. मला वाटायचं, वसंता मनाने कच्चा आहे, मीच त्याला धरून ठेवलंय.

मग दादर.

टायपिंगच्या मशीनचा एक भाग दुरुस्तीला दिला होता तो आणायला गेलो होतो. उन्हाने घसा सुकला म्हणून एका उपाहारगृहात शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलाशी तू आणि वहिनी. तुझ्यापुढे श्रीखंड-पुरी. लपूनछपून घाईने गिळत असतास तर कदाचित मला दया आली असती. तू सावकाश खात होतास. पुरीच्या तुकड्याला श्रीखंड लावायचं, तोंडात ठेवायचं, डोळे मिटायचे, वहिनींशी दोन शब्द बोलायचे, मग दुसरा तुकडा. मला पाहिलंस आणि बशी झाकलीसुद्धा नाहीस. बाकावर सरकून जागा केलीस. "ये मास्तर, बस. आज रजा आहे."

मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. "लोकांनी छातीवर गोळ्या घेतल्या, आणि तू इथे श्रीखंड चापतोस?" मोठ्याने म्हणालो. गल्ल्यावरचा माणूससुद्धा वळला. वहिनींचा घास हातात राहिला. मी पाणी न पिता बाहेर पडलो.

पाच महिने बोललो नाही तुझ्याशी. एका गॅलरीत राहून न बोलणं हे काय काम असतं. तू दात घासायला बाहेर आलास की मी आत. वहिनी आमटीची वाटी पाठवायच्या ती मी रिकामी करून, विसळून, बोलल्याशिवाय उंबऱ्यावर ठेवायचो. आमटी मात्र खायचो. हे लिहिताना आता मलाच हसू येतंय, आणि लगेच रागही.

एका रविवारी सकाळी तू पुठ्ठ्याचा खोका घेऊन आलास आणि माझ्या मशीनशेजारी ठेवलास. आत सुई, औषधाची बाटली, काचेची नळी आणि निळ्या पाण्याची शिशी. तू एकेक वस्तू काढून दाखवलीस. ही सुई रोज उकळायची, वहिनी टोचतात. या नळीत लघवीचे थेंब निळ्या पाण्यात घालून स्टोव्हवर धरायचे. निळंच राहिलं तर बरं, हिरवं झालं तर जपून, विटकरी झालं तर डॉक्टर.

"कुसुमचं लग्न झालं तेव्हाच सांगणार होतो रे," तू म्हणालास. "पण तोवर तू फिका चहा प्यायला लागला होतास. तुला काय सांगू? माझ्या लघवीतल्या साखरेपायी तू चहा फिका पितोयस, असं?"

हसायला हवं होतं मी. दुसरा कोणीही हसला असता. मला दोन्हीकडून राग आला. तू खोटं बोललास याचा, आणि आजार लपवलास याचा. आणि त्याच्याही वर एक प्रश्न डोक्यात आला तो मी तसाच विचारला. "मग तर तू श्रीखंड मुळीच खायला नको होतंस."

तेव्हा तू रजेचं सांगितलंस. हजेरी कारकुनाला दुसरं काय सुचणार? तुझ्या टेबलासमोर रोज मागावरचे साचेवाले रजा मागायला यायचे, "सायब, गावाक जावक व्हया" म्हणून. तू म्हणालास, "मी बघतो ना रे. जो सांगून जातो, तो सोमवारी धुतलेला सदरा घालून वेळेवर हजर. जो न सांगता दांडी मारतो, तो लाजेने आणखी आठ दिवस येत नाही. आणि जो कधीच रजा घेत नाही, तो एक दिवस साच्याजवळच बसतो आणि उठत नाही. पथ्याचं तसंच आहे. जन्मभराची नोकरी आहे ही. हिला हक्काची रजा नसली तर माणूस पळून जाईल."

तुझे नियमही होते. महिन्याकाठी एकदाच, डॉक्टरच्या कानावर घालून. आधी ठरवायचं, पुढ्यात आलं म्हणून नाही. त्या दिवशी भात नाही. खायचं ते चांगलं खायचं, बसून, चवीने, माणसांत. उभ्याने डब्यात हात घालायचा नाही. आणि पुढच्या जेवणाला परत कामावर. उपास करायचा नाही, कान पकडायचे नाहीत, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. "ते शिव्या देणंच घातक," तू म्हणालास. "माणूस म्हणतो, मोडलंच आहे तर आता मोडूच दे. मग रोजचंच सुरू होतं."

मी म्हणालो, "ही पळवाट आहे. व्रताला रजा नसते."

"व्रताला नसते. पण मी व्रत घेतलेलंच नाही, मास्तर. मी थाप मारली. व्रत तू घेतलंस."



मी माझं व्रत चालू ठेवलं आणि वर तुझा पहारेकरी झालो. रोज सकाळी गॅलरीतून विचारायचो, "आज कोणता?" तू ओरडायचास, "निळा." समोरच्या आजोबांना वाटायचं आपण आभाळाबद्दल बोलतो. तुझ्या रजेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्याआधी उठून बसायचो. एकदा हिरवा झाला तर मी दिवसभर तुझ्याशी असं वागलो, जसा तू कोणाचा खून करून आलायस. तू संध्याकाळी कारल्याची भाजी खाताना शांतपणे म्हणालास, "उद्या निळा होईल रे." झाला. ते मला अजिबात आवडलं नाही.

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटत होता. माझं गोड सोडणं लोकांना दिसत होतं, आणि मी ते रोज सकाळी स्वतःलाही दाखवत होतो. तुझं पथ्य कडक होतं, रोजच्या सुईचं होतं, आणि तरी तू हसत होतास. महिन्यातून एकदा दादरला बायकोसमोर बसून श्रीखंड खाऊन येणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त नेमाने वागत होता, हे मला सहन होत नव्हतं. हे तुझ्यासमोर कबूल करायला तुला जावं लागलं. असा मी.

मग ती एक मेची सकाळ आली, मुंबईसकट महाराष्ट्र मिळाल्याची. रविवार होता. चाळीच्या अंगणात कनात, पताका, रांगोळी. ज्यांनी पहिल्या दिवशी वाट्या ठेवल्या होत्या आणि पुढे उचलल्या होत्या, तेच पुढाकार घेऊन फिरत होते. ठरलं होतं असं, की शेवटपर्यंत टिकलेले दोघे एकमेकांना पेढा भरवून गोड सुरू करणार. चाळीला तुझ्या आजाराचं शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

आदल्या दिवशी तू माझ्या दारात आलास. नवा सदरा शिवला होता तो दाखवलास. म्हणालास, "मास्तर, चार दिवस रात्री भात नाही. डॉक्टरला विचारलंय. उद्या अख्खा पेढा. तुझी मंजुरी पाहिजे."

"बघू," मी म्हणालो.

"बघू नाही. थाप होती ती, पण चार वर्षं वाट मी खरीच पाहिली. तू होतास ना शेजारी वाट बघत."

मी पुन्हा म्हणालो, "बघू."

तू मला पेढा भरवलास, अख्खा. पावणेचार वर्षांनी साखर जिभेवर आली आणि माझे कान तापले. लोक टाळ्या वाजवत होते. मग मी ताटातला पेढा उचलला. आणि त्याच क्षणी मला ती काचेची नळी दिसली, विटकरी रंगाची. मी पेढ्याचा एक कण मोडला, मुगाएवढा, तो तुझ्या जिभेवर ठेवला आणि बाकीचा मुठीत मिटून घेतला. कोणाच्या लक्षात आलं नाही. तू तोंड उघडंच ठेवलं होतंस.

"अरे, अख्खा दे," तू ओठ न हलवता म्हणालास.

"पुरे," मी म्हणालो.

तू माझ्या मुठीकडे पाहिलंस. मग तोंड मिटलंस आणि लोकांकडे वळून हात जोडलेस. मला मिठी मारलीस. माझ्या मुठीत पेढ्याचा लगदा झाला होता. तो मी नळाखाली धुऊन टाकला. मला वाटत होतं, मी मित्राचं कर्तव्य केलं. अभिमान वाटत होता, वसंता. पंधरा दिवस तरी वाटत होता.

तू त्यावर एक शब्द बोलला नाहीस. रोज सकाळी "निळा" म्हणत राहिलास.

मग गिरणीतून माणूस आला. हजेरीपट उघडलेला, तू खुर्चीत. काळीज थांबलं. डॉक्टरला मी तीनदा विचारलं, साखरेने का? तो म्हणाला, साखर चांगली ताब्यात होती, हे दुखणं वेगळं. मी विचारलं, एका पेढ्याने काही झालं असतं का? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणतोय, या माणसाला घरी पोचवायला हवं. "एका पेढ्याने? काही नसतं झालं हो."

तेव्हापासून माझं हे येरझाऱ्या घालणं चालू आहे. रागही येतो तुझा. माझी मूठ तू उघडायची होतीस. तुझ्या मनगटात जोर होता. चारचौघांत हिसकावून घेतला असतास तर लोक हसले असते आणि तुझा पेढा तुझ्या पोटात असता. तू एवढा शहाणा, एवढे नियम करणारा, मग माझ्यासमोरच का गप्प बसलास? हेच मला कळत नव्हतं, कालपर्यंत.

काल पंगत बसली. लाडू वाढायला वहिनी स्वतः आल्या. माझ्या पानात लाडू ठेवला आणि मी पानावर हात आडवा धरला. म्हटलं, "वहिनी, मला नको. मी त्याला दिला नाही."

त्यांना ठाऊक होतं. त्या तिथेच, वाढायचं ताट हातात घेऊन, माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी घरी आल्या आल्या सांगितलं होतं. हसत होते. मी डब्यातून पेढा काढून दिला, म्हटलं, आता खा, इथे कोण बघतंय? तर नको म्हणाले."

"का?"

"म्हणाले, मास्तरला कळलं तर त्याच्या जिवाला घोर लागेल. त्याला घोर लावून खाण्यात मजा नाही. म्हणाले, त्याला अजून भीती वाटते. सवय होऊ दे त्याला. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतो."

एवढं बोलून त्या उठल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या. मी हात काढला. लाडू खाल्ला. चांगला झाला होता, आणि चांगला लागला. दुसरा वाढायला आल्या तेव्हा नाही म्हटलं नाही. शेजारच्याने माझ्याकडे पाहिलं, तरी मी मान खाली घातली नाही.

वहिनींना वाटलं असेल, माझं समाधान झालं. लाडवाचं झालं. बाकीचं नाही झालं. कारण मला माझा स्वभाव माहीत आहे, वसंता. पुढच्या महिन्यात तू आला असतास, दारात उभा राहून मंजुरी मागितली असतीस, आणि मी पुन्हा "बघू" म्हणालो असतो. त्याच्या पुढच्या महिन्यातही. तुला ते ठाऊक होतं. चार वर्षं मी चाळभर सांगत फिरलो की वसंताला धीर नाही, वाट बघणं माझ्याकडून शिकावं. आणि तू, हातात पेढा असताना, माझी भीती जायची वाट बघत थांबलास.

तुझा,
मास्तर